घसे सगळ्यांचे साफ

दोन हजार तेवीस साल. शहराचं नाव नुकतंच बदललं होतं. जुनी माणसं औरंगाबादच म्हणत. चिकलठाण्याला डॉक्टर मेघांच्या प्रसूतिगृहात सिझेरियन झालेल्या दोन बाळंतिणी टाके सडून दगावल्या. दुसरीच्या नवऱ्यानं, इंद्रजीतनं, आया मुक्ताबाईलाच जबाबदार धरून तिला लोखंडी सळईनं झोडपलं. हाताचं हाड कातडीबाहेर आलं. जामिनावर सुटताच तो म्हणाला, "आता तिचा जीवच घेतो."

मुक्ताबाईच्या लेकीनं औरंगपुऱ्यातल्या खासगी गुप्तहेर करुणा खरातांना गाठलं. त्यांच्या मदतीला निवृत्त हवालदार काकासाहेब. अंगानं दांडगे, डोक्यानं सावकाश.

"दोघींच्या जखमेत स्ट्रेप्टोकोकस जंतू. तो बहुधा घशात असतो," मेघा म्हणाल्या. "सगळ्या स्टाफचे घसे तपासले, हातही. साफ."

"मुक्ताबाईचाही? मग हे इंद्रजीतला सांगितलं का?" करुणानं विचारलं.

मेघांनी खिडकीबाहेर पाहिलं.

खाटेवरून मुक्ताबाई म्हणाली, "म्या ऑपरेशनला आत जातच नाय, बाई. साधी बाळंतपणं माझ्याकडं. समद्या धडधाकट हायेत."

नर्स श्रेया म्हणाली, "मधे एक आठवडा ऑपरेशनवाल्याही बऱ्या होत्या. मी, मॅडम, तेच थिएटर. भूल द्यायला फक्त बदली डॉक्टर. सुदर्शन सर फर्दापूरला, भाचीच्या लग्नात."

"मी जखमेला हातच लावत नाही. उशाशी बसतो," भूलतज्ज्ञ सुदर्शन म्हणाले. बोलता बोलता त्यांनी पेन टोपीत खुपसून डोकं खाजवलं. खांद्यावर कोंडा पडला.

करुणानं सगळ्यांचे नमुने पुन्हा घ्यायला लावले.

"घसे तर साफ हायेत की," काकासाहेब म्हणाले.

"घसे नकोतच, काका."

अहवाल आला तशी तिनं सगळ्यांना मेघांच्या खोलीत जमवलं. इंद्रजीतलाही. तो सळई घेऊनच आला आणि थेट मुक्ताबाईवर धावला. काकासाहेबांनी वार मनगटावर झेलला, त्याला आडवा करून छातीवर गुडघा रोवला. दोघांचंही रक्त सांडलं.

"ऐक," करुणा म्हणाली. "सडले फक्त ऑपरेशनवाल्यांचे टाके. मुक्ताबाई आत नसते. चांगल्या आठवड्यात श्रेया अन् मेघा होत्या, सुदर्शन नव्हते. अहवालात जंतू त्यांच्या डोक्याच्या कातडीत सापडलाय. खाजवलं की खपल्या हवेत, तिथून उघड्या पोटावर."

सुदर्शन म्हणाले, "मला ताप नाही, काही नाही..."

"नसतोच. जंतू अंगावर वाहून नेणाऱ्याला कळत नाही." ती इंद्रजीतकडे वळली. "तुला आयाचं नाव कुणी दिलं?"

"डॉक्टरबाईनं. तिचेच हात घाण हायेत म्हणाली."

"तिचा घसा, हात, दोन्ही साफ आल्यावर," करुणा मेघांना म्हणाली.

"नाहीतर प्रसूतिगृह बंद पडलं असतं," मेघा म्हणाल्या.

प्रसूतिगृहाला टाळं लागलं. मेघांवर खटला झाला. सुदर्शन उपचार घेऊन, नमुने साफ आल्यावर कामाला लागले. इंद्रजीत हर्सूलच्या तुरुंगात गेला. काकासाहेबांना अजून त्या हातानं कप धरवत नाही.

इंद्रजीतची आई आईवेगळ्या नातीला कडेवर घेऊन, तिला न्हाऊ घालायला बाई शोधत मुक्ताबाईच्या दारी आली. मुक्ताबाईनं लेकराकडं पाहिलं, वाकडा हात पदराखाली घेतला आणि दार लावलं.