पिस्ता रंगाची लडी

लोकर गुंडाळायला दोन माणसं लागतात. एकाने लडी दोन्ही मनगटांवर चढवून समोर बसायचं, दुसऱ्याने गोळा करायचा. धरणारं माणूस जाणतं असलं, की हात एकदा डावीकडे झुकवतं, एकदा उजवीकडे, आणि धागा सुरळीत सुटत येतो. हे काम एकट्याने करू नये असं काही कुठल्या पोथीत लिहिलेलं नाही. त्या दुपारी द्रौपदीबाई मात्र एकट्याच बसल्या होत्या.

घाटकोपरच्या त्यांच्या इमारतीत, बाराव्या मजल्यावर, पॅसेजमध्ये भरदिवसा ट्यूब जळते. दार लावलं की घर शांत. मुलगा धम्मपाल ड्युटीवर गेला होता. सून शीतल आतल्या खोलीत आडवी झाली होती. तिला नववा लागला होता. याआधी दोनदा आशा लागून मोडली होती, त्यामुळे एरवी 'आम्ही असलं काही मानत नाही' म्हणणाऱ्या या घरातही पाळणा अजून दुकानातच होता, आणि बाळ हातात येईपर्यंत टाका घालायचा नाही हे न बोलता ठरलं होतं.

लोकर शीतलनेच शोधून काढली होती. सकाळी चादरीसाठी ट्रंक उघडली, आणि तळाशी डांबराच्या गोळ्यांच्या वासात ती निघाली. एक अर्धवट गोळा, आणि त्याच्याच धाग्याला जोडलेली पिस्ता रंगाची लडी.

"अहो आई, एवढी मस्त लोकर लपवून ठेवलीत?"

"जुनी आहे गं ती. राहू दे."

"जुनी कसली, एकदम झकास आहे! टोपडं-मोजे होतील. विणू नका आत्ता, पण गोळे करून ठेवा ना. गोळा करणं म्हणजे काय विणणं नाही. द्या, मी हात धरते."

"तू हात लावायचा नाहीस!" द्रौपदीबाई एवढ्या जोरात बोलल्या, की शीतल बघतच राहिली. मग सुनेचा चेहरा उतरलेला पाहून त्यांनाच वाईट वाटलं, आणि त्या म्हणाल्या, "बरं, करते मी दुपारी. तू पड जा."

खरी गोष्ट सांगणार तरी कशी? तेवीस वर्षांत ती त्यांनी नवऱ्यालाही सांगितली नव्हती.

द्रौपदीबाई तेव्हा एका प्रसूतिगृहात आया होत्या. अकरा नंबरच्या खाटेवर चेतना नावाची बावीस वर्षांची पोर होती. सातवा महिना, पूर्ण विश्रांती सांगितलेली, माहेरचं कुणी नाही. दिवसभर पडून कंटाळायची, म्हणून नवऱ्याने तिला लोकर आणून दिली होती. एका दुपारी वॉर्ड शांत असताना ती म्हणाली, "मावशी, गोळा करून देता? मी लडी धरते." अर्धा गोळा झाला आणि द्रौपदीबाईंना चहाची तल्लफ आली. त्या उठल्या. चेतना म्हणाली, "मावशी, पोटात कसंतरी होतंय."

"काही नाही होत. हलू नकोस, लडी गुंतेल. आले मी."

चहाबरोबर गप्पा रंगल्या. पाऊण तास गेला. त्या परतल्या तेव्हा चेतना तशीच बसली होती, हात समोर धरून, मनगटांवर लडी. डोळे दाराकडे. खाटेखाली फरशीवर रक्त पसरलं होतं, आणि त्यात वॉर्डातला डेटॉलचा वास मिसळला होता. सांगितल्याप्रमाणे ती हलली नव्हती.

द्रौपदीबाईंनी आधी तिच्या हातांतून लडी काढली, पिशवीत कोंबली, आणि मग नर्सला हाक मारली. आई गेली, पोटातलंही गेलं. कुणी काही विचारलं नाही. नोकरी वाचली. लोकर त्यांच्याने ना फेकवली, ना जाळवली.

तर अशी ती लोकर.

द्रौपदीबाईंनी लडी लाकडी खुर्चीच्या पाठीला अडकवली आणि समोर पाटावर बसल्या. जुना गोळा डाव्या हातात घेतला. गोळा घट्ट केला तर लोकर ताणते आणि विणलेलं आखडतं, म्हणून दोन बोटं मध्ये ठेवून सैल गुंडाळायला लागल्या. खुर्ची कसली हात झुकवते! चार वेढे झाले की धागा अडकायचा. उठायचं, सोडवायचं, पुन्हा बसायचं. गुडघे बोलायला लागले. मनातल्या मनात त्यांनी लोकरीला चार शिव्याही घातल्या.

मग धागा अडकायचा थांबला.

आधी त्यांना बरंच वाटलं. दहा वेढे झाले, वीस झाले. खाली रस्त्यावरचा भंगारवाला ओरडत लांब गेला. पंखा फिरत होता. आणि मग बोटांना कळलं, की धागा एकदा डावीकडून सुटतोय, एकदा उजवीकडून. डावीकडून... उजवीकडून...

त्यांनी मान वर केली नाही. नजर गोळ्यावरच ठेवली. डांबराच्या गोळ्यांचा वास कधीच गेला होता. आता डेटॉलचा वास येत होता.

"मावशी..."

अगदी हळू. समोरून. हातभर अंतरावरून.

"मावशी, हात भरून आले."

द्रौपदीबाईंचे हात चालतच राहिले. आता थांबायचं नाही, एवढंच त्यांना कळत होतं. अर्धं टाकलेलं काम पुरं केलं की ही पोर सुटेल, आणि आपणही सुटू.

"झालंच गं," त्या पुटपुटल्या. "थोडंच राहिलंय... झालंच."

नजरेच्या कडेला लडी बारीक होत चालली होती. पन्नास-साठ वेढे उरले असतील. चाळीस. धागा झरझर येत होता, समोरच्यालाही घाई झाल्यासारखा. घामाने गोळा ओला झाला. तीस वेढे.

"आई..." आतून शीतलची हाक आली. "अहो आई, पोटात कसंतरी होतंय."

बोटं थबकली. समोर धागा ताणला गेला आणि तसाच ताठ राहिला.

तीस वेढे म्हणजे किती वेळ? दोन मिनिटं. आणि दोन मिनिटांत बाईचं काय काय होतं, हे द्रौपदीबाईंहून जास्त कुणाला ठाऊक असणार? तिसऱ्यांदा हे घर रिकामं राहिलं तर शीतल जगायची नाही, हेही त्यांना ठाऊक होतं. त्या उठल्या. गोळा पाटावर ठेवला. आणि जे बोलायचं नव्हतं तेच, जुन्या सवयीने, तोंडातून निघून गेलं.

"हलू नकोस. आले मी."

शीतलने ते आतून ऐकलं आणि पलंगावर तशीच निपचित राहिली. ऐकणारी ती एकटीच नव्हती.

पुढचं सगळं भराभर झालं. शेजारच्या लताताईंनी रिक्षा थांबवली. हॉस्पिटलात नेल्या नेल्या शीतलला ऑपरेशनला घेतलं. धम्मपाल धावत आला. द्रौपदीबाई बाकावर बसून होत्या. चेतनाचा चेहरा त्यांना आठवेना. तिचे हात तेवढे दिसत होते.

सव्वापाचला डॉक्टरीणबाई बाहेर आल्या आणि हसल्या. मुलगी. अडीच किलो. दोघी सुखरूप. धम्मपाल लहान मुलासारखा रडला. द्रौपदीबाईंनाही रडू कोसळलं. तेवीस वर्षांनी पहिल्यांदा त्यांना छाती भरून श्वास घेता आला. फिटलं, त्यांना वाटलं. उठून आपण बरोबर केलं.

नर्स दुपट्यातलं बाळ घेऊन आली.

"ही घ्या तुमची नात. भारी हट्टी आहे हां! तीनदा गुंडाळली, तरी हात बाहेरच काढते. खाली म्हणून घेत नाही."

बाळ रडत नव्हतं. डोळे टक्क उघडे होते. दोन्ही इवले हात समोर धरलेले, एकमेकांपासून वीतभर लांब, तळवे समोरासमोर. दोन्ही मनगटांवर बारीक लालसर वळ होता.

"बघ ना आई," धम्मपाल म्हणाला, "तुझ्याकडे हात पसरतेय."

द्रौपदीबाईंनी एक हात हळूच खाली दाबला. तो पुन्हा वर आला. दुसरा दाबला. तोही वर आला. पोरीचे दंड थरथरायला लागले होते, भरून आल्यासारखे, पण ती ते खाली घेत नव्हती. तिची नजर द्रौपदीबाईंवरून ढळत नव्हती.

"आले गं..." द्रौपदीबाई घोगऱ्या आवाजात म्हणाल्या. "आले मी."

आणि धम्मपाल बघत असताना त्यांनी डाव्या हाताची दोन बोटं पुढे केली, आणि उजव्या हाताने त्यांच्याभोवती रिकामीच हवा गुंडाळायला सुरुवात केली.

बाळाचे हात एकदा डावीकडे झुकले. मग उजवीकडे.