डाव्या दाराचे थर

नळाचा थेंब बादलीत पडला, टप्प, आणि माझा हात थांबला. घरात काही हललं नाही. लेक झोपलेलीच होती. शेडमध्ये मी, आमची जुनी गाडी आणि तासाभराची दुपार.

सोमवारी लेकीच्या हृदयाचं ऑपरेशन होतं. "पांढरी गाडी म्हणजे दवाखान्याची," ती म्हणाली होती. "पिवळी कर, मग येते." साडेचार वर्षांच्या पोरीचा हा एवढाच हट्ट. तो कुणाला मोडवणार होता?

"रंगवतेयस की वाट लावतेयस?" कामावर निघताना नवऱ्याने चिडवलं. मग बूट घालता घालता हळूच म्हणाला, "डॉक्टर नव्वद टक्के म्हणाले ना गं?"

"हो."

उरलेले दहा त्याने बुटाच्या नाडीत घट्ट आवळले आणि निघाला.

आमच्या गाडीला पत्रा नाहीच, सगळं अंग प्लॅस्टिकचं. दार दाबलं तर आत जातं, सोडलं की जागेवर. रंगाच्या दुकानदाराने बजावलं होतं, "वहिनी, प्लॅस्टिक सहजी रंग धरत नाही. पाणी लावून पॉलिश पेपरने घासा, प्लॅस्टिकचा प्रायमर मारा, मगच पिवळा. घाई केलीत तर सालपटं निघतील."

म्हणून डाव्या दाराच्या मुठीखाली सावकाश घासत होते. पांढरं पाणी ओघळत होतं. मग ते पिवळं झालं.

पिवळ्याचा डबा अजून फोडलाही नव्हता. आणि गाडी पहिल्यापासून पांढरीच, असं आधीच्या मालकाने शपथेवर सांगितलं होतं.

फडक्याने पुसलं. पिवळ्यात दोन पंजे उमटलेले होते. एक इवलासा, करंगळी आत वळलेली, जन्मापासून माझ्या लेकीची आहे तशी. शेजारी मोठा. त्याच्या तर्जनीला टोक नव्हतं.

माझ्याही नाही. मिक्सरच्या पात्यात गेलं.

मी हात टेकवला. नेमका बसला.

असेल कुणी अशीच मायलेक, मी स्वतःला बजावलं.

ते पंजे पुसायला हात धजेना. खाली वीतभर जागा सोडून, आणखी खोल घासलं. पिवळ्याच्या आत निळा लागला. पुन्हा तेच दोन पंजे. करंगळी तशीच वळलेली, पण हात आता शाळेत जाणाऱ्या मुलीचा. माझा होता तेवढाच.

रंग खरवडत गेलं की गाडीचं मागचं वय दिसतं म्हणतात. इथे पुढचं दिसत होतं.

ती वाढणार होती. माझी पोर वाढणार होती! डोळ्यांतलं पाणी दारावर पडलं, त्याच पाण्याने मी पुढे घासलं.

निळ्याच्या आत लाल.

पंजा एकच. करंगळी वळलेली. माझ्या हाताला हात लावून पाहिला, काकणभर मोठाच.

शेजारी गुळगुळीत लाल.

तिथे घासलं. अजून घासलं. प्लॅस्टिकचा करडा रंग वर आला, दुसरं काही नाही.

"आई."

लेक मागे उभी होती, केस विस्कटलेले, गालावर उशीची घडी. ती जवळ येऊन दारासमोर उकिडवी बसली. भीती नव्हती तिच्या डोळ्यांत, देवळात शिरल्यासारखं काहीतरी होतं. वरपासून एकेका पंजावर बोट ठेवत निघाली.

"हा मी. हा तू, तुटकं बोट. हा मी, हा तू." बोट लालवर आलं. "हा पण मीच. केवढी मोठी झालेय!"

बोट शेजारी सरकलं, करड्यावर थांबलं.

"आई, तू कुठे गेलीस?"