सुराआधीचा श्वास

ही गोष्ट कुणाला पटो न पटो, घडलेली आहे. ज्याच्या घरी घडली तो माणूस सांगता सांगता मध्येच थांबतो आणि शेजारच्या खोलीकडे कान लावतो. मीही देवाला स्मरून सांगतो, यात माझ्या पदरचं एक अक्षर नाही.

आणि रात्रबित्र काही नव्हती बरं का.

भर दुपार होती. खाली रस्त्यावर कुणीतरी मोठ्याने रेडिओ लावून गाडी धूत होतं. पण चौथ्या मजल्यावरच्या त्या घरात एक खोली अशी होती, जिला दिवसही कळत नव्हता आणि रात्रही. खिडकी नाही. भिंतींना जाड फोम. दार लावलं की आपल्याच छातीतले ठोके ऐकू यावेत अशी शांतता.

त्या खोलीत घरातला थोरला मुलगा काम करायचा. माहितीपटांना, नाटकांना पार्श्वसंगीत द्यायचं, हा त्याचा धंदा. समोर कॉम्प्युटर, हाताखाली पेटीसारख्या पट्ट्यांचा कीबोर्ड, आणि जगातली झाडून सगळी वाद्यं त्या डबड्यात. सतार, सारंगी, संतूर, वाळवंटातली तारांची ऊद, डोंगरातले पावे.

हे कसं होतं, तर एखाद्या खऱ्या वादकाला स्टुडिओत बसवतात. एकेक सूर त्याच्याकडून वेगवेगळा वाजवून घेतात. हळू, जोरात, लांब, तोकडा. त्या सगळ्या सुरांचा संच म्हणजे सॅम्पल लायब्ररी. मग तुम्ही घरी बसून पट्टी दाबायची, की तिकडे त्या माणसाचा सूर वाजतो. माणूस कुठे आहे, कसा आहे, आहे की नाही... काही विचारायचं कारण नाही.

कुठल्या कामाला कुठली लायब्ररी घ्यावी, यात थोरल्याचा हात धरणारा कुणी नव्हता. धंद्यातले लोक फोन करून त्याचा सल्ला घ्यायचे.

त्या दुपारी मात्र त्याला स्वतःलाच काही सुचत नव्हतं.

आईने तोंडात घास घेणं सोडलं होतं.

कारण होतं धाकटा. त्याला घरात सगळे शिट्टी म्हणायचे. लहानपणी दिवसभर शिट्ट्या मारून डोकं उठवायचा, पुढे हातात बासरी आली तरी नाव तेच राहिलं. एका वाद्यवृंदाबरोबर लांबच्या दौऱ्यावर गेला होता. तिकडे बस दरीत गेली. क्रियाकर्म उरकायला थोरला एकटा गेला आणि एकटाच परत आला.

आईला सांगितलं नाही. डॉक्टरांनी बजावलं होतं, "त्यांचं हृदय कापसासारखं झालंय. एक धक्का, आणि संपलं."

मग काय, थापा. दौरा लांबलाय. तिथे फोन लागत नाही. शिट्टी मजेत आहे.

"मजेत असू दे," आई अंथरुणावरून म्हणाली. "फोन नको. फक्त ते माझं गाणं वाजवून पाठव म्हणावं. ते ऐकल्याशिवाय घास उतरत नाही रे."

ते गाणं म्हणजे देवाला आळवणारी एक साधी चाल. कुठल्याशा बुवांच्या कीर्तनात तिने ऐकलेली. शिट्टी रोज तिच्या उशाशी बसून ती वाजवायचा. तिचं रेकॉर्डिंग? नव्हतं. घरातली बासरी कोण रेकॉर्ड करतं!

म्हणून थोरल्याने ठरवलं, लायब्ररीतून ती बासरी बनवायची.

पहिली लायब्ररी घेतली ती सगळ्यांत नावाजलेली. आई डोळे मिटून ऐकत राहिली.

"गोड आहे. पण हा पोटभर जेवून, हात पुसून बसलाय वाजवायला. हा शिट्टी नाही."

दुसरी घेतली.

"हा दमत कसा नाही रे? माणूस आहे की पंप?"

तिसरी, परमुलखातल्या पाव्याची.

"हा बिचारा पत्ता विचारत विचारत चाललाय. त्याला माझं घर माहीत नाही."

सून, म्हणजे थोरल्याची बायको, हसली, आणि हसता हसता तोंडाला पदर लावून स्वयंपाकघरात गेली. वाटीतली पेज तशीच गार झाली होती.

थोरल्याला कळत होतं, अडलंय कुठे. शिट्टी लहानपणी जिन्यावरून पडला होता, नाकाचं हाड वाकडं झालं होतं. वरच्या सुराला जायच्या आधी तो श्वास दोन टप्प्यांत घ्यायचा. आधी चोरटा, छोटा. मग मोठा. हं... हंऽऽ. थोरला चिडवायचा, "गाढवा, तुझ्या बासरीआधी तुझं नाकच हजेरी लावतं!"

तो श्वास बाजारात कुठून मिळणार?

त्या दुपारी आईने पाणीसुद्धा नाकारलं. थोरला खोलीत आला, दार लावलं, आणि कीबोर्डवर डोकं टेकून रडला.

"देवा, एक बासरी दे. खोटी चालेल. पण तिला खरी वाटू दे."

मग डोळे पुसून त्याने जुनी हार्ड डिस्क उघडली. वर्षानुवर्षं साठवलेल्या, विसरलेल्या लायब्रऱ्या. उतरत उतरत तो अगदी तळाशी गेला.

तिथे एक फोल्डर होतं. त्यावर फक्त 'बासरी' लिहिलेलं.

कंपनीचं नाव नाही. वादकाचं नाव नाही. हे आपण कधी घेतलं, त्याला आठवेना.

त्याने ती लायब्ररी उघडली. एक पट्टी दाबली.

काहीच नाही.

त्याने बोट उचललं नाही. दाबून धरलं...

हं...

हंऽऽ...

आणि सूर लागला.

थोरल्याच्या अंगावर सर्रकन काटा आला. पण खरं सांगायचं तर भीती नंतर वाटली. आधी वाटला आनंद. बुडत्या माणसाला कुणीतरी मनगटाला धरून वर ओढावं, तसा. त्याने एका दमात सगळी चाल वाजवून काढली. हात त्याचा, पण बासरी अशी वळत होती, जशी त्याने वळवली नव्हती.

चाल पुरी झाली. आता एक शेवटचं काम राहिलं होतं, आणि ते त्याने सवयीने सुरू केलं.

या धंद्यात रेकॉर्डिंग पुढे पाठवण्याआधी ते साफ करतात. सुरांच्या मधले श्वास पडद्यावर धुळीच्या बारीक डागांसारखे दिसतात. एकेक डाग निवडायचा आणि पुसायचा. हजारदा केलेलं काम. डोकं लागत नाही, हात आपोआप चालतो. ज्या श्वासासाठी एवढा जीव आटवला, तोच आपण पुसतोय, हे त्याच्या लक्षातही आलं नाही.

एक डाग पुसला.

दुसरा पुसला.

तिसरा...

दार धाडकन उघडलं. बायको उभी होती, चेहरा पांढराफटक.

"अहो, आईंचा श्वास अडकतोय!"

तो धावला. आई डोळे विस्फारून छताकडे बघत होती. छाती वर झाली, खाली झाली... आणि थांबली. बराच वेळ थांबली. मग एक उचकी देऊन पुन्हा सुरू झाली.

"कधीपासून?"

"आत्ताच. चांगल्या पडल्या होत्या. एकदम श्वास घ्यायचाच विसरल्या. मग पुन्हा. मग पुन्हा. तीनदा झालं."

तीनदा.

 थोरल्याच्या मनात आलं ते त्याला स्वतःशीसुद्धा बोलवेना. बायकोने डॉक्टरांना फोन लावला. तो पुन्हा खोलीत गेला. दोन्ही दारं सताड उघडी ठेवली, म्हणजे खुर्चीवरून आईची छाती दिसेल. छाती संथ वर-खाली होत होती.

त्याने चौथा डाग निवडला. बोट बटणावर ठेवलं. देवाचं नाव घेतलं.

पुसला.

आईची छाती वर आलीच नाही.

"आई!" बायको किंचाळली.

त्याने पुसलेलं परत आणणारं 'अनडू' दाबलं. डाग पडद्यावर परत आला...

आणि आईने श्वास घेतला.

हं... हंऽऽ.

दोन टप्प्यांत.

त्याने पुन्हा तपासून पाहिलं नाही. तेवढी हिंमत कुणाची आहे? पुसलेले सगळे डाग त्याने एकेक करून जागेवर आणले. शेवटचा आला तेव्हा शर्ट घामाने पाठीला चिकटला होता.

संध्याकाळी डॉक्टर येऊन तपासून गेले. "वयाप्रमाणे ठीक आहे," म्हणाले. ते गेल्यावर त्याने आईच्या उशाशी स्पीकर ठेवला आणि ती चाल लावली. एकही श्वास न काढता.

पहिल्या सुराआधीच तिच्या डोळ्यांतून पाणी आलं.

"आला गं बाई माझा शिट्टी."

ती ऐकत राहिली. ओठ हलत होते, देवाचं नाव चाललं होतं. मग सुनेला म्हणाली, "बघतेस काय अशी? पेज आण. दोन वाट्या आण."

घरात दिवाबत्ती झाल्यासारखं वाटलं. थोरला ओंजळीत तोंड लपवून बसला होता. चाल संपत आली. शेवटचा सूर विरला. त्याने स्पीकर बंद करायला हात पुढे केला...

हं...

हंऽऽऽ...

शेवटच्या सुरानंतर.

हा श्वास त्याने वाजवला नव्हता. तिथे पट्टीच दाबलेली नव्हती. आणि या श्वासापुढे सूर आला नाही. नुसता आत घेतलेला, धरून ठेवलेला श्वास.

"ऐकलंस?" आई खुशीत म्हणाली. "अजून वाजवणार आहे. थांबते मी."

तो खोलीत गेला. 'बासरी' फोल्डर उघडलं. रिकामं होतं. कीबोर्डवरची एकही पट्टी बोलेना. उरली होती ती फक्त बनवलेली चाल.

दुसऱ्या दिवशी एका माहितीपटाचं काम होतं, म्हणून त्याने संतूर उघडलं. संतुराला काय, तारेवर काडी पडते आणि टणत्कार होतो. फुंकायचं काही नाही.

त्याने पट्टी दाबली.

हं... हंऽऽ. मग टणत्कार.

त्याने ऊद उघडली. हं... हंऽऽ. सारंगी. तिथेही. प्रत्येक वाद्याआधी, प्रत्येक मुलखाच्या वाद्याआधी, कुणीतरी वाकड्या नाकाने श्वास घेत होतं.

"शिट्टी," तो रिकाम्या खोलीत म्हणाला, "काय हवंय रे तुला?"

 पाठीमागची फिरती खुर्ची, ज्यावर शिट्टी बसायचा, ती अगदी सावकाश... अर्धी वळली.

या गोष्टीला आता खूप दिवस झाले. थोरल्याने इतर कामं सोडून दिली आहेत. आई रोज दुपारी चाल ऐकते आणि जेवते. डॉक्टर येतात, तपासतात आणि दर वेळी म्हणतात, "हे हृदय कशावर चाललंय, मला सांगता येत नाही."

थोरल्याला सांगता येतं.

कारण तो रोज ती फाईल उघडून पाहतो. कुणी हात लावत नाही तिला. तरी टोकाचा तो डाग रोज थोडा लांब झालेला असतो. आत घेतला जाणारा श्वास, मोठा, आणखी मोठा. कुठल्याही माणसाच्या छातीत मावणार नाही एवढा.

परवा चाल संपली. तो शेवटचा श्वास सुरू झाला. आईने थोरल्याचा हात धरला.

"राजा, एक सांगशील त्याला?"

"काय, आई?"

"म्हणावं, माझ्यासाठी धरून ठेवू नकोस. दम लागेल तुला." मग स्पीकरकडे बघून अगदी मायेने म्हणाली, "एवढं कोंडून ठेवतं का कुणी? सोड रे बाळा. मी तयार आहे."

थोरला उठून खोलीत गेला. डाग निवडला. बटणावर बोट ठेवलं. उघड्या दारातून आईची छाती दिसत होती, आणि आई त्याच्याकडेच बघत होती. तिने मान हलवली. हो म्हणून.

त्याचं बोट खाली गेलं नाही.

तो तसाच बसून राहिला. देवाकडे काय मागावं, तेही त्याला कळेना. आई राहावी म्हणावं, तर शिट्टी तिकडे कोंडलेला. तो सुटावा म्हणावं, तर...

आजही दुपार झाली की त्या घरात ती चाल लागते. शेवटचा सूर विरतो. मग तो श्वास सुरू होतो. आई डोळे मिटते, सून हातातलं काम टाकून दारात येते, थोरला स्पीकरकडे बघत आपलाही श्वास रोखून उभा राहतो.

तो अजून सुटलेला नाही.