मैतराची खाच

पौष महिन्यात कोणी छत्री घेऊन फिरतं का? पण त्या वर्षी, अठ्ठ्याहत्तर साली, ऐन कापसाच्या दिवसांत कारंज्यात झड लागली. स्टँडबाहेर बैलगाड्यांची रांग उभी, गाड्यांवर ताडपत्र्या, बैलांच्या पाठीतून वाफा निघत होत्या. आत बाकड्यावर भागिरथा बसली होती. रिसोडची गाडी येत नव्हती, आणि तो सगळा राग ती स्वेटरच्या सुयांवर काढत होती.

एकवीस वर्षांची पोरगी. शाळा नववीतच सुटलेली. सुटली म्हणजे... मास्तर तिच्या वहीला हात लावायचा नाही, छडीच्या टोकानं पानं उलटवायचा. एक दिवस तिनं ती छडी मोडली, दोन्ही तुकडे त्याच्या टेबलावर नीट मांडून ठेवले आणि घरी निघून आली. बाप, पंजाबराव, नगरपालिकेत शिपाई. त्यानं नुसता पाठीवर हात ठेवला.

तर ती बसली होती, आणि तिच्या पायाशी बिस्किटाचा एक डबा आपटला. झाकण उडालं. डब्यातून कार्डंच कार्डं पसरली, चिखलात. एक पोरगा गुडघ्यावर बसून ती वेचायला लागला. केस ओले, केसांत कापसाचा एक पुंजका.

भागिरथानं एक कार्ड उचललं. चारही कडांना भोकं, आणि काही भोकं कडेपर्यंत कापलेली.

"उंदरानं खाल्ले का हो हे?"

"उंदीर नाई. मीच खाल्ले," तो मान वर न करता म्हणाला. मग त्यानं मान वर केली... आणि वरच ठेवली. पापणीला पावसाचा एक थेंब लटकला होता, तो पुसायचंही त्याला सुचलं नाही.

"काय पाह्यता?"

"सुई... तुमची सुई देता का एक मिनिट? कार्डात घालाची माही छत्रीची काडी वाकली."

"सुईवर टाके हायेत माहे."

"एकच मिनिट. गंमत दाखवतो."

तिनं दिली. कशाला दिली, हे तिला पुढं कितीदा आठवूनही कळलं नाही. त्यानं कार्डांचा गठ्ठा ठोकून सरळ केला, एका कोपऱ्यातल्या भोकातून सुई आरपार घातली आणि गठ्ठा उचलून हलवला. पाच-सहा कार्डं खाली पडली, बाकीची सुईवर लटकून राहिली.

"हे पडले थे मॅट्रिक पास. ज्याचं भोक कापून खाच केली, थे पडते. न कापलेलं लटकते. दोनशे कार्डाईतून एका झटक्यात पास पोट्टे बाहेर!"

"म्हंजे मी लटकलेली."

"काहून?"

"नववी."

तो हसला. आणि तेवढ्यात तिनं मांडीकडं पाहिलं. सुई काढल्यामुळं स्वेटरचे वीसेक टाके घसरून पार खाली गेले होते.

"अवो! हे आता कोन उचलन, तुमचा बाप?"

"बाप कामरगावले राह्यते. मी उचलतो ना."

त्यानं उचलायचा प्रयत्न केला. नांगराचीच बोटं ती. दोन टाक्यांचे चार केले. तिनं झटका देऊन स्वेटर ओढून घेतलं, पण ओठ दाबून धरावे लागले तिला. त्या भानगडीत रिसोडची गाडी आली, भरली आणि निघून गेली. दोघांनाही ती दिसली नाही.

त्याचं नाव जानराव. कामरगावच्या कुणबी शेतकऱ्याचा पोरगा. नागपूरला कॉलेज अर्धं सोडून आलेला. तिथं कुठल्या तरी हापिसात त्यानं ही कार्डं पाहिली होती, आणि तेव्हापासून डोक्यात हेच.

"मुंबईले खोलीएवढं यंत्र असते, कंप्युटर म्हन्तात," तो सांगायचा, तेव्हा त्याचे हात हवेत चालायचे. "थे यंत्र आपल्यापाशी नाई. पन यंत्राले जे सांगा लागते ना — आदी हे पाह्य, मंग थे पाह्य — थे सांगनं तं आपल्याले येते! आपन यंत्राची अक्कल इकू. कागदावर."

"अन् जोडनार काय त्यानं?"

"लग्नं."

त्याचा भागीदार दौलतसिंग, शाळेपासूनचा मैतर. जाडा, डावखुरा. त्याचं छोटं छापखान्याचं दुकान होतं. लग्नपत्रिकांच्या जाड कागदाचे तुकडे उरायचे, त्याचीच कार्डं झाली. मागची खोली त्यानं दिली. भागिरथा आधी नुसती भोकं पाडायला यायची. आठव्या दिवशी तिनं कार्ड जानरावच्या नाकासमोर धरलं.

"उंचीले एकच भोक? मंग बुटका अन् मधला वेगळा कसा काढसान?"

जानराव कार्डाकडं पाहतच राहिला. दौलतसिंग पोट धरून हसला. "घे बे! नागपूर शिकून आला अन् नववीनं पकडलं!" त्या दिवसापासून तीही भागीदार.

एक भोक तिनं आपल्या मनानं वाढवलं. खाली, उजव्या कोपऱ्यात.

"हे कायचं?" जानरावनं विचारलं.

"मैतराचं. ज्याले एक तरी जीवाचा मैतर हाय, त्याचीच खाच कापाची. अन् थी त्यानं सोता नाई कापाची. मैतरानं इथी येऊन कापाची."

"कोन इचारते व हे?"

"मी इचारते. मैतर नसलेला मानूस बायकोले काय सांभायन?"

दौलतसिंगनं लगेच डाव्या हातात कैची घेतली आणि जानरावच्या कार्डाचा कोपरा कापला. डावखुऱ्याची खाच, तिरपी.

मग भागिरथाचं कार्ड भरायची पाळी आली. बाहेर झड थांबली होती, पण आभाळ काही मोकळं होत नव्हतं. दौलतसिंग चहा आणायला गेला होता.

"उंची?" जानरावनं विचारलं.

"डोये नाईत?"

"हायेत. म्हनूनच लिवनं होत नाई." त्यानं खाली मान घातली. "राग?"

"रागाले एका भोकात भागत नाई. चारी कडा कापा लागतीन."

"अन् मैतराची खाच... मी कापू?"

"तुमी माहे मैतर हा का?"

"आदी मैतर. मंग..." तो थांबला. कैची हातात तशीच. "मंगचं मंग सांगीन."

त्यानं खाच कापली. सरळ, मोजून, जशी तो सगळी कामं करायचा. घरी जाताना तिला उगाचच नगरपालिकेचा दिवासुद्धा ओळखीचा वाटला. दोघं एकमेकांना तू म्हणायला लागले ते त्यानंतरच.

दोन आठवडे गिऱ्हाईक नाही. मग कामरगावच्या धुरपताबाई आल्या. दोन पोरी लग्नाच्या. त्यांनी कार्ड उलटंपालटं करून पाहिलं.

"शिक्षन झालं, वावर झालं. जात कुठी हाय?"

"थे मंग इचारून घेतो आमी, मावशी," जानराव म्हणाला.

"मंग कायले? आदी जात. जातच नाई पाह्यली तं बाकीचं पाहून काय करू, मुरंबा?"

त्या गेल्या. शेवटी जानरावच म्हणाला, "वरच्या कडेले करू. पयलं भोक कुनबी, दुसरं माळी... धंदा हाय, भागिरथा. कागदच तं हाय."

कागदच तर आहे, असं तिलाही वाटलं. हीच चूक. दुपारभर तिनं आपल्या हातानं खाचा कापल्या. स्वतःच्या कार्डावर पाचव्या भोकाला, 'बौद्ध' लिहिलेल्या. कैची कुठं अडली नाही.

आणि धंदा चालला. कारंज्याचे, मंगरूळचे, पार रिसोडकडचे लोक यायला लागले. भागिरथा सुई घालायची, कार्डं पडायची, लोक तोंडात बोट घालायचे. जानरावनं नवा सदरा शिवला. एक दिवस त्यानं बशीतला अर्धा चहा तिच्याकडं सरकवला आणि हळूच म्हणाला, "होळी होऊ दे. बाबाले सांगतो."

"काय सांगशीन?"

"मंगचं."

तिनं तो चहा प्यायला. थंड झाला होता, तरी प्यायला.

होळीच्या आधीच पुंजाजी आले — जानरावचे वडील. पांढरं धोतर, पांढरी टोपी, हातात काठी. खोलीभर नजर फिरवली, खूश झाले.

"लोकाईचे पोट्टे जुयवता, अन् माहा पोरगा मोकयाच! काहाड व बाई, त्याच्यासाठी बी काहाड तुह्या सुईनं."

भागिरथानं जानरावकडं पाहिलं. तो टेबलाची कड नखानं खरवडत होता.

बोलेल. आता बोलेल. तिनं मुलींचा गठ्ठा घेतला, सावकाश ठोकला. तिला वेळ द्यायचा होता त्याला. पहिल्या भोकातून सुई घातली. गठ्ठा उचलला. हलवला. सात कार्डं पडली. बाकीची सुईवर लटकली आणि सगळ्यात वर, तिचं स्वतःचं.

"वा!" पुंजाजींनी सात कार्डं गोळा केली. मग त्यांचं लक्ष सुईकडं गेलं. "अन् हे वरतं लटकून राह्यलं, हे कोनाचं?"

खोलीत छापखान्याच्या शाईचा वास होता. पलीकडं छपाईचं यंत्र थांबलेलं. भागिरथाच्या हातात सुई, आणि डोळे जानरावच्या तोंडावर.

"कोनाचंच नाई, बाबा," जानराव म्हणाला.

दौलतसिंग दारात आला होता. "काका, खोटं बोलते हा. थे कार्ड पाहा. तुमच्या पोराचा जीव त्याच्यातच अटकेल हाय."

"दौलत!" जानराव ओरडला. कान लाल झाले होते. "तू छपाई पाह्य. हे धंद्याचं हाय, मधात बोलू नको."

दौलतसिंगनं हातातला शाईचा बोळा टेबलावर ठेवला. "बरं," एवढंच म्हणाला, आणि पायात चपलाही न घालता बाहेर पडला. भागिरथानं आपलं कार्ड सुईवरून काढलं, सुई पिशवीत घातली आणि त्याच्या मागं गेली. तिच्या रागाला एवढे भिणारे लोक, त्या दिवशी ती ओरडली असती तर बरं झालं असतं.

आठ दिवसांनी ती परत त्याच बाकड्यावर बसली होती. रिसोडला लिलाबाई मावशीनं बालवाडीत काम पाहिलं होतं. जानराव धावत आला. दाढी वाढलेली, सदरा चुरगळलेला. त्यानं एक कार्ड पुढं केलं.

त्याचंच. नवं. वरच्या कडेची सगळी भोकं कापलेली, पहिल्यापासून शेवटच्यापर्यंत.

"कोन्तीबी सुई घाल," तो म्हणाला. "मी पडतोच. भागिरथा, मी... त्या दिवशी तोंडातून निंगालंच नाई. तुह्याबिगर मले..." त्यानं कार्ड तिच्या हातात कोंबलं. "थे मंगचं हेच होतं."

हे शब्द ऐकायला तिनं अख्खा हिवाळा घातला होता. आता ते आले, आणि तिचे डोळे कार्डाच्या खालच्या कोपऱ्यावर अडकले.

"मैतराची खाच कोनं कापली?"

त्यानं कार्ड परत घ्यायला हात पुढं केला.

"सरय हाय. दौलतची तिरपी राह्यते." तिनं कार्ड परत दिलं. "गेला होता त्याच्याकडं?"

"कोन्त्या तोंडानं जाऊ?"

"ज्या तोंडानं त्याले मधात बोलू नको म्हनला, त्याच तोंडानं. जानराव, जो आज मैतराले असं म्हन्ते, थो उद्या बायकोले बी म्हनन. अन् बाबाले सांगतलं?"

त्यानं मान खाली घातली. केसांत कापूस नव्हता आता. हंगाम संपला होता.

"मले तुह्यावर राग असता तं बरं होतं," ती उठली. "राग मले येते. हे दुसरं काई हाय, हे सांभायता येत नाई."

गाडी आली. या वेळी तिला दिसली. खिडकीतून तिनं मागं पाहिलं नाही. पाहिलं नाही असं ती मावशीला सांगायची.

रिसोडला दिवस सरता सरत नव्हते. बालवाडीची पोरं बडबडगीत म्हणायची, तीही म्हणायची, आणि मधेच ओठ नुसते हलायचे. स्वेटर अर्धं होतं तसं पिशवीत पडलं होतं. टाके घसरलेल्या जागी एक मोठं भगदाड.

गुढीपाडवा झाला आणि पोस्टमननं पाकीट आणलं. आत एक कार्ड. मागं वेड्यावाकड्या अक्षरात —

"भागिरथा, जान्यानं बापाले सांगतलं. बापानं घराबाहेर काहाडलं. पंधरा दिवस माह्या पायरीवर येऊन बसे, मी बोललो नाई. सोळाव्या दिवशी पाऊस आला अन् हा भिजत बसला, मंग काय करतो. आता मागच्या खोलीत राह्यते. रोट्या जाळते. जातीचे भोकं बंद केले तं गिऱ्हाईक बंद झालं. धंदा बुडाला. खाच मी कापली, पाहून घेजो. — दौलत."

तिनं कार्ड उजेडात धरलं. वरची कड सगळी कापलेली. खालच्या कोपऱ्यात एकच खाच, तिरपी.

घर गेलं. धंदा गेला. सगळ्या सुयांवरून पडणारं हे कार्ड कोणत्याच गठ्ठ्यात बसणार नव्हतं, आणि उद्या तिच्या बापाच्या दारात तरी ते बसेल की नाही, कोणाला माहीत. तिनं पिशवीतून आपलं कार्ड काढलं, दोन्ही एकावर एक ठेवली आणि मैतराच्या भोकातून सुई घातली. उचलली.

दोन्ही एकदमच तिच्या मांडीवर पडली.

लिलाबाई मावशी आत आली, पाहिलं, आणि पाण्याचा गडवा पुढं केला.

"मावशी, कारंज्याची गाडी?"

"सकायीच गेली व पोरी. आता उद्या."

"बरं," भागिरथानं तोंड पुसलं. "मंग थी दुसरी सुई देजो इकडं. टाके उचला लागतात."