तिच्या पाठोपाठचं नाव

अमेरिकेतल्या लेक सुपीरियर या सरोवराच्या काठावरच्या त्या गावात हिवाळ्यात सगळे एकाच तऱ्हेचे हातमोजे घालतात. बाहेरून हरणाचं कातडं, आत लोकर, आणि रंग एकच, पिवळट. कम्युनिटी कॉलेजच्या वाचनालयात हीटरवर ते ओळीनं वाळत पडलेले असत. ऑक्टोबरातल्या पहिल्या बर्फाच्या दिवशी हेल्मी वायनिओनं आपली जोडी उचलली, तेव्हा उजवा मोजा नीट बसला. डाव्यात मात्र तिचा हात मनगटासकट हरवला.

"तो माझा आहे," मागून कुणीतरी म्हणालं. "तुझा मी घातलाय. पण... निघत नाहीये."

तिनं वळून पाहिलं. एक उंच मुलगा, भुवयांवर विरघळता बर्फ, आणि तिच्या इवल्याशा मोज्यात अडकलेला त्याचा भला मोठा पंजा.

"बसत नव्हता तर ओढून कशाला घातलास?"

"वाटलं, वाळून आखडला असेल."

तिनं मोजा धरून ओढला, त्यानं कोपर टेबलाला टेकवलं. मोजा सुटला तेव्हा दोघंही हसत होते. त्याच्या तळहाताची ऊब तिच्या बोटांना क्षणभर लागून राहिली.

"रॉलंड बोशे. रॉली म्हणतात."

"हात बरा आहे ना, रॉली?"

"मघाशी होता. आता सांगता येत नाही."

त्यानंतर दर गुरुवारी दोघं कॉलेजच्या कॅन्टीनमध्ये एकत्र जेवू लागले. मांस आणि बटाटे भरलेली गरम पेस्टी, आणि तिच्यावर काय घालावं यावरचं त्यांचं कधीच न मिटणारं भांडण. हेल्मी केचप घेई. रॉलीच्या घरी तो अपमान समजत.

"ग्रेव्हीशिवाय पेस्टी खाणाऱ्या मुलीला माझी आजी उंबरठ्याच्या आत घेणार नाही."

"मी येतेय असं कुणी सांगितलं तुझ्या आजीला?"

"अजून कुणी नाही," तो म्हणे आणि ताटाकडे पाही... आणि हेल्मीलाही मग ताटाकडेच पाहावं लागे.

हेल्मी तेवीस वर्षांची होती. मतिमंद प्रौढांच्या एका निवासात ती मदतनीस म्हणून काम करी. दोन वर्षांपूर्वी तिनं कॉलेजच्या एक्स-रे तंत्रज्ञाच्या अभ्यासक्रमाला नाव दिलं होतं. त्याला जागा थोड्या, यादी लांब. यादीतली मुलं नंबर लागेपर्यंत काही ना काही विषय घेऊन ठेवतात. हेल्मीनं मानसशास्त्र घेतलं. वेळ काढण्यासाठी घेतलेल्या त्या विषयानं तिला कधी धरलं, ते तिचं तिलाच कळलं नाही. आता त्या दोन वर्षांच्या पदवीचं एकच सत्र उरलं होतं.

निवासातले आर्विड नावाचे आजोबा जेवणाचं ताट भिरकावून देत. सगळे म्हणत, स्वभावच तसा. हेल्मीनं आठवडाभर नुसतं पाहिलं. ताट पाठीमागून पुढ्यात आलं, तरच ते भिरकावत. समोरून, दिसेल असं ठेवलं, की शांतपणे जेवत. तिनं हे सांगितलं, तेव्हा रॉलीनं खाणं थांबवलं होतं. त्याची ती नजर तिच्या लक्षात राहिली.

डिसेंबरच्या पहिल्या सोमवारी कॉलेजच्या प्रवेश कार्यालयातून मिसेस पेल्किएंचा फोन आला. एक्स-रेची एक जागा रिकामी झाली होती आणि यादीत हेल्मी पहिली होती. शुक्रवारी दुपारी बारापर्यंत उत्तर हवं. नकार दिला, तर नाव यादीच्या तळाशी.

"यात विचार करण्यासारखं काय आहे?" आईनं विचारलं. आई शाळेच्या स्वयंपाकघरात काम करी. "त्या पदवीनं तुझा पगार किती वाढणार?"

"तासाला दीड डॉलर."

"आणि एक्स-रेनं?"

"दुप्पट होईल."

आई भांडी विसळायला उठली. हेल्मीला ते बोलण्याहून जड गेलं.

मंगळवारी रॉली तिला बर्फातून बसथांब्यापर्यंत सोडायला आला होता. "मानसशास्त्र सोडलंस, तर पस्तावशील," तो एवढंच म्हणाला होता. त्या शब्दांवर तिनं दोन दिवस काढले. गुरुवारी पेस्टी समोर निवत होती.

"रॉली, तूच सांग. जागा घेऊ की सोडू?"

"मला विचारू नकोस."

"तुला नाही तर कुणाला विचारू?"

त्यानं काटा खाली ठेवला. "तुझ्यामागे मीच आहे."

तिला आधी समजलंच नाही.

"यादीत," तो म्हणाला. "दुसरा. तू नाही म्हणालीस, की ती जागा माझी. मीही दोन वर्षं थांबलोय, हेल्मी."

"कधी कळलं तुला?"

"सोमवारी. मी कार्यालयात चौकशीला गेलो होतो. मिसेस पेल्किएंनी नाव नाही सांगितलं. पण पुढची मुलगी मानसशास्त्रवाली आहे म्हणाल्या, आणि संध्याकाळी तू सांगितलंस की तुला फोन आला..."

"सोमवारी कळलं," ती सावकाश म्हणाली. "आणि मंगळवारी तू मला सांगितलंस की मी पस्तावेन."

"ते मला ऑक्टोबरपासून वाटतंय."

"पण म्हणालास मंगळवारी."

तिनं कोट उचलला. दारापर्यंत जाताना तिला वाटत होतं, यानं हाक मारावी. आणि मारलीच, तर आपण थांबणार नाही, हेही तिला ठाऊक होतं. त्यानं हाक मारली नाही.

घरी तिनं कागद पुढे ओढला. एकीकडे एक्स-रे, दुसरीकडे ही पदवी, मग विद्यापीठाची आणखी दोन वर्षं, त्यांचं कर्ज, आणि त्यानंतरचा पगार. तिनं तीनदा मांडून पाहिलं. पण खरी गाठ आकड्यांत नव्हतीच. जागा सोडली, तर ती रॉलीच्या शब्दांना भुलली असं होणार. घेतली, तर केवळ त्याच्यावरच्या रागानं घेतली असं. दोन्हीकडे तोच उभा होता. मग आपण कुठे होतो?

शुक्रवारी अकराच्या सुमारास ती कार्यालयात शिरली. मिसेस पेल्किएंच्या टेबलापुढे रॉली उभा होता, हातात पेन.

"बरी आलीस, पोरी," मिसेस पेल्किए म्हणाल्या. "हे महाशय यादीतून नाव काढून घ्यायला आलेत. कारण विचारलं, तर म्हणतात खासगी आहे."

"सही करू नकोस," हेल्मी म्हणाली.

"मी नसलो, तर तुला मोकळेपणी ठरवता येईल," तो तिच्याकडे न बघता म्हणाला.

"म्हणजे हेही तूच ठरवणार? तू नाव काढलंस, की मी जे करीन ते तुझ्या त्यागाकडे बघून केलेलं असेल. आधी सल्ला, आता त्याग. मला जरा जागा देशील का, रॉली?"

त्यानं पेन खाली ठेवलं.

हेल्मी टेबलाकडे वळली. "मिसेस पेल्किए, मला ती जागा नको."

"हिशोब केलास का? मानसशास्त्राच्या या नुसत्या पदवीला बाजारात कोण विचारतं? पुढे शिकलीस, तरच तिचा उपयोग."

"केला. तीनदा केला. तिन्ही वेळा एक्स-रेच वर आला. विद्यापीठाला सकाळी फोन केला. माझे सगळे विषय ते धरणार आहेत. तरीही एक्स-रेच वर. कदाचित पगाराची बरोबरी कधीच होणार नाही."

"मग?"

"मग काही नाही. मला हेच शिकायचंय. त्यासाठी किती सोडतेय, तेवढं मला नीट माहीत असायला हवं होतं. आता आहे."

"आणि याचं म्हणणं?" मिसेस पेल्किएंनी चष्म्यावरून रॉलीकडे पाहिलं.

"ते मी हिशोबात धरलंच नाही."

रॉलीनं मान वर केली. कालच्या भांडणानंतर प्रथमच त्यांची नजर एकमेकांना भिडली आणि तिथेच राहिली.

मिसेस पेल्किएंनी नोंद केली आणि फोन उचलला. "नियम आहे," त्या म्हणाल्या. "पुढच्याला फोनच करावा लागतो." रॉलीच्या खिशात घंटी वाजू लागली. तो हलला नाही.

"उचल ना," हेल्मी म्हणाली.

"आधी एक सांगू दे. मंगळवारी मी जे म्हणालो, त्यात एक गोष्ट लपवली होती. मला तुझ्या पस्तावण्याहून मोठी एक काळजी होती. मानसशास्त्र ठेवलंस, तर ऑगस्टमध्ये तू विद्यापीठासाठी दोन तासांच्या वाटेवर निघून जाशील, ही. तरी म्हणालो. कारण... त्या आजोबांचं ताट सांगताना तू जशी दिसत होतीस, तशी मला तू कायम दिसायला हवीस. मी तुझ्या प्रेमात आहे, हेल्मी. जागा मिळो न मिळो."

मिसेस पेल्किए रिसीव्हर कानाला धरून खिडकीबाहेरचा बर्फ पाहत राहिल्या.

हेल्मीचे कान तापले होते. राग अजून पुरता गेला नव्हता. तो तिला तसाच थोडा वेळ ठेवायचा होता.

"उद्या शनिवार," ती म्हणाली. "आमच्याकडे सौना तापते. चारला ये. आई कॉफी करेल."

फिनलंडहून आलेल्या घरांत शनिवारच्या सौनाला, त्या वाफेच्या स्नानाला, परक्या माणसाला कुणी बोलवत नाही; बोलावलं, तर घरचं समजूनच. बोशेंचं घर फिनिश नव्हतं, तरी रॉलीला हे ठाऊक होतं. त्याचा चेहरा आधी पांढरा पडला आणि मग हळूहळू लाल होत गेला.

"तुझ्या आईला सांगितलंस... जागा सोडतेयस ते?"

"नाही. उद्या सांगणार आहे. तू शेजारी बसायचंस, आणि एक शब्दही बोलायचा नाही."

त्यानं मान डोलावली आणि खिशातला फोन उचलला.