जनरेटर बंद करणारी बाई

त्या सहलीला मूळ कारण आमच्या सासूबाई. सासरे गेल्यापासून त्या घराबाहेर पडल्याच नव्हत्या. एक दिवस भाजी निवडता निवडता म्हणाल्या, मला एकदा तळ्याकाठी राहायचंय. हॉटेलात नाही, झाडांमध्ये. मी ह्यांच्याकडे पाहिलं, ह्यांनी माझ्याकडे. सासूबाईंनी स्वतःसाठी काही मागितल्याचं आम्हा दोघांनाही आठवेना, तेव्हा नाही म्हणायचा प्रश्नच नव्हता.

थोरल्या दिरांनी, म्हणजे दादांनी, नुकताच एक ट्रेलर घेतला होता. गाडीच्या मागे जोडून ओढत न्यायचं चाकांवरचं घरच ते. आत एवढासा ओटा, बसायला लांब बाक, आणि मागच्या भिंतीला लागून वर-खाली दोन बिछाने. सोबत ओढायच्या दोरीचा एक लाल जनरेटरही दिला, कारण तिकडे वीज नव्हती. दादा एकदा सूचना द्यायला लागले की ऐकणाऱ्याचा चहा गार होतो, तसा आमचा झाला. शेवटी सासूबाईच म्हणाल्या, अरे, सोड आता आम्हाला, नाहीतर इथेच मुक्काम पडेल.

तळ्याकाठची ती जागा हंगाम संपल्यामुळे रिकामी होती. फाटकाशी एक राखणदार, आणि आत आम्ही. पहिला दिवस फार सुखाचा गेला. ह्यांनी जनरेटर लांब झाडाखाली ठेवला, गवतातून वायर आणली, आणि ट्रेलरमध्ये दिवे लागले तेव्हा आमच्या भिंगरीनं टाळ्या वाजवल्या. भिंगरी म्हणजे आमची मुलगी. एका जागी बसत नाही म्हणून आजीनंच ठेवलेलं नाव. सासूबाई हातात पेला धरून पाण्याकडे बघत बसल्या होत्या. कितीतरी दिवसांनी त्या गुणगुणत होत्या.

दुसऱ्या दिवशी सकाळपासून धुकं उतरलं. तळं दिसेनासं झालं, मग झाडं, मग समोरची वाटही. दुपारी बारीक पाऊस सुरू झाला. सासूबाईंना थंडी सोसेना, म्हणून खिडक्या गच्च लावून आम्ही हीटर चालू ठेवला. जनरेटर पावसात भिजून चालणार नव्हता. ह्यांनी तो उचलून ट्रेलरच्या मागच्या बाजूला, ताडपत्रीच्या आडोशाला आणला. जेवणं झाली आणि पेट्रोल आणायला हे गाडी सोडवून गावाकडे गेले. लगेच येतो म्हणाले. धुक्यात गाडीचे लाल दिवे थोडा वेळ दिसले, मग तेही विझल्यासारखे झाले.

आत ऊब होती. सासूबाई बाकावर आडव्या झाल्या. भिंगरी मागच्या खालच्या बिछान्यावर पांघरूण ओढून पडली. भिंतीपलीकडे जनरेटर एका लयीत धडधडत होता. त्या आवाजाचीही अंगाई झाली होती. मी विणकाम घेऊन बसले होते. टाके चुकत होते, डोकं जड झालं होतं. मला वाटलं, हवेचा परिणाम. डोळे कधी मिटले कळलं नाही.

जाग आली ती शांततेनं. जनरेटर बंद पडला होता. पावसाची टिपटिप ऐकू येत होती, तीही कानात कापूस घातल्यासारखी. शाल गुंडाळून मी बाहेर गेले. पेट्रोल संपलं असेल म्हणून टाकी उघडली, तर निम्मी भरलेली. ह्यांनी शिकवलं होतं तशी दोरी ओढली. दोन-तीनदा खोकून तो सुरू झाला. मी आत येऊन बसले.

पुन्हा डोळा लागला, आणि पुन्हा ती शांतता.

ह्या खेपेला नीट पाहिलं. पेट्रोलचा कॉक कुणीतरी आडवा फिरवून ठेवला होता. तो आपोआप फिरत नाही, बोटांना जोर लावावा लागतो. मला रागच आला. आवाजाचा त्रास होत असेल तर माणसानं तोंडानं सांगावं. मी धुक्यात हाक मारून पाहिली. माझीच हाक ओली होऊन परत आली. कॉक सरळ केला, दोरी ओढताना मात्र हातात त्राण वाटेना. पायऱ्या चढताना दाराला धरावं लागलं.

तिसऱ्यांदा तो बंद पडला तेव्हा मी झोपले नव्हते. निदान मला तसं वाटतं. मी ऐकलं... कॉक फिरल्याची बारीक करकर, भिंतीच्या अगदी पलीकडे. मी धडपडत बाहेर पडले आणि ट्रेलरला वळसा घातला.

जनरेटरशेजारी एक बाई उकिडवी बसली होती. अंगात जाड लोकरी स्वेटर, केस चेहऱ्याला चिकटलेले. जवळ गेल्यावर ओल्या लोकरीचा वास आला, बरेच दिवस न वाळलेल्या कपड्यांना येतो तसा. तिनं एक तळवा सायलेन्सरवर ठेवला होता. नुकता बंद झालेला, तापलेला सायलेन्सर. त्यावर पडणारे पावसाचे थेंब चुर्र होऊन उडत होते. तिचा हात मात्र तिथंच होता, तापलेल्या लेकराच्या कपाळावर ठेवावा तसा.

माझ्या तोंडात आलेलं सगळं भांडण विरून गेलं. मी एवढंच विचारलं, "तुम्ही बंद करताय का हा?"

तिनं वर पाहिलं नाही. "आत झोपलेत का?"

"हो..."

"हाक मारून बघा," ती म्हणाली. आवाज अगदी हलका होता. "उठतायत का बघा... मी तेव्हा हाक मारली नव्हती."

त्या शेवटच्या शब्दांसरशी दादांची ती लांबण लागलेली सूचना डोक्यात लख्ख उभी राहिली. धूर. वास न येणारा विषारी वायू. भिंतीपासून लांब ठेवा. मी वळले आणि धावले.

दार सताड उघडलं, खिडक्या ढकलल्या. सासूबाईंना हलवलं तर त्या कण्हल्या, डोळे उघडून माझ्याकडे अनोळख्यासारख्या पाहू लागल्या. भिंगरी हललीच नाही. गाल गुलाबी, जणू खेळून दमून झोपलीय. मी तिच्या कानाशी ओरडले, बाळा ऊठ, आई आलीय, ऊठ. मग तिला काखेत धरून ओढत बाहेर आणलं आणि ओल्या गवतावर ठेवलं. सासूबाई दारातून अक्षरशः रांगत आल्या. त्यांना उलटी झाली. तोंड पुसून त्यांनी नातीचं डोकं मांडीवर घेतलं आणि तिचे तळवे चोळायला लागल्या. आम्ही दोघी तिला हाका मारत होतो. केव्हातरी भिंगरीनं मोठा श्वास घेतला आणि चिडून रडायला लागली. इतकं गोड रडणं मी आजवर ऐकलेलं नाही.

मग मला त्या बाईची आठवण झाली. मागे जाऊन पाहिलं. ताडपत्रीखाली जनरेटर होता. बाकी कुणी नव्हतं.

हे आले तसे आम्ही थेट दवाखाना गाठला. डॉक्टरांनी तिघींनाही ऑक्सिजन लावला, सगळं विचारून घेतलं आणि म्हणाले, अजून थोडा उशीर झाला असता तर... त्या रात्री हे कॉटच्या कडेला डोकं टेकून रडले. सासूबाईंनी त्यांच्या केसांतून हात फिरवला आणि म्हणाल्या, रडू नकोस, कुणीतरी वेळेवर आलं होतं ना. जी कोण असेल तिच्या लेकरांचं भलं होवो.

दुसऱ्या दिवशी हे ट्रेलर आणायला गेले तेव्हा राखणदाराला मुद्दाम विचारून आले. मला तिचे पाय धरायचे होते. राखणदार म्हणाला, तुमच्याशिवाय त्या आठवड्यात फाटकातून कुणी आत आलं नाही. एवढंच सांगून तो फाटक लावायला निघून गेला.

ट्रेलर आमच्या अंगणात येऊन उभा राहिला. काही दिवसांनी मी भिंगरीची वेणी घालत होते. ती आरशात बघत म्हणाली, "आई, त्या मुलीला कुणी बाहेर काढलं?"

कोणती मुलगी, मी विचारलं.

"माझ्याजवळ झोपलेली. तू ऊठ म्हणालीस ना, तेव्हा माझ्याआधी तीच उठली. तिला वाटलं, तिची आई आली."

माझ्या हातातले पेड सुटले. भिंगरी खिडकीतून अंगणाकडे बघत होती.

मी दादांना फोन केला. ट्रेलर त्यांनी जुनाच घेतला होता, पण आधी कुणाचा होता ते विकणाऱ्यालाही धड माहीत नव्हतं. तळ्याकाठच्या त्याच जागेवरून आणला होता, एवढंच तो सांगू शकला होता. मी खोदून विचारलं नाही. मला जे कळायचं ते कळलं होतं. ज्या बाईनं माझं लेकरू मला परत दिलं, तिचं लेकरू मात्र आम्ही गाडीला जोडून घेऊन आलो होतो.

ह्यांना सांगितलं. वाटलं होतं, हसतील. हे उठले आणि गाडीची किल्ली घेतली. सासूबाई म्हणाल्या, मीही येते, उपकार माझ्यावरही आहेत.

दुपारी आम्ही तळ्याकाठी पोचलो. त्याच जागी ट्रेलर उभा केला. ऊन होतं, पाणी चमकत होतं. जनरेटर आम्ही नेलाच नव्हता. मी ट्रेलरचं दार उघडून अडकवून ठेवलं आणि आत तोंड करून, माझ्या लेकीला मारते तशीच हाक मारली. "ऊठ बाळा... आई बाहेर उभी आहे."

सगळे बाजूला झालो. वारा पडला होता. थोड्या वेळानं ट्रेलर किंचित हलला, कुणी पायरीवर पाय ठेवल्यावर हलतो तसा. आणि ओल्या लोकरीचा वास आला. सासूबाईंनी हात जोडले. मीही जोडले. भीती वाटत होती, नाही असं नाही, पण त्याहून जास्त डोळे भरून येत होते. मनात म्हटलं, फिटलं नाही बाई, पण जमेल तेवढं केलं.

परत निघालो तेव्हा सगळ्यांनाच हलकं वाटत होतं. भिंगरी मागच्या सीटवर गुडघ्यांवर उभी राहून, मागच्या काचेतून ट्रेलरकडे बघत हात हलवत होती. मी सहज म्हटलं, गेली ना गं तुझी मैत्रीण आईकडे?

"नाही," भिंगरी हात हलवत म्हणाली, "तिची आईच आत चढली."

ह्यांनी आरशात पाहिलं. गाडी थांबवली नाही. मीही थांबवा म्हटलं नाही.