जुनिपरखालची हिरवी खुर्ची

ही गोष्ट खरी आहे.

खोटी असती तर मी तिच्यात घुबड घातलं असतं, पडका बंगला घातला असता, निदान एखादी बरी किंकाळी तरी घातली असती. इथे आहे ती घडीची खुर्ची. ॲल्युमिनियमची. हिरव्या-पांढऱ्या पट्ट्यांनी विणलेली. आता घडलंच खुर्चीमुळे, त्याला मी काय करू?

ठिकाण नेवाडातलं टिल्डन वेल्स. गावाबाहेर सहा मैलांवर जुनिपरची तीन झाडं आहेत, तिथे. दिवस गेल्या वर्षीचा बारा ऑगस्ट. वेळ दुपारी चारची. रात्र नव्हती, त्याबद्दल माफी असावी.

ज्याच्यावर हे बेतलं तो डेलमार स्टब्स. चौतीस वर्षं शाळेची बस चालवून निवृत्त झालेला. घर विकून त्याने आणि त्याच्या बायकोने, लोर्नाने, एक भलंमोठं मोटरहोम घेतलं होतं. आत पलंग, शेगडी, फ्रिज, एसी, सगळं. मागे रेडकू बांधावं तशी एक छोटी मोटार बांधलेली.

मुक्काम कुठेही असो, संध्याकाळी दोघं बाहेर दोन खुर्च्या टाकायचे. त्याची निळी, तिची पिवळी. सूर्य बुडेपर्यंत शेजारी शेजारी बसायचं. डेलमारला यापलीकडे काही नको होतं. लोर्नाच्या शेजारी आपली निळी खुर्ची, बस.

त्या दुपारी ते जुनिपरपाशी पोहोचले. त्या अख्ख्या माळावर सावली म्हणाल तर तेवढीच. आणि सावलीच्या मधोमध...

एक खुर्ची.

हिरवी. तिच्या हाताला दोऱ्याने पुठ्ठा बांधलेला. पुठ्ठ्यावर लिहिलेलं, 'लगेच येते. ट्वायला.'

आमच्याकडे मोकळ्या रानात नोंदणी नसते, पावती नसते. खुर्ची ठेवली की जागा तुमची. पाण्याला जा, गावात जा, संध्याकाळी परत या. कुणी हात लावत नाही. माणसं इथे बायको टाकून जातात, पण दुसऱ्याची खुर्ची हलवत नाहीत.

"डेल, इथे कुणाची तरी खुर्ची आहे," लोर्ना म्हणाली.

"खुर्ची आहे ना? माणूस कुठाय?"

"लगेच येते म्हणतेय."

"मग मीही लगेच उचलतो."

त्याने खुर्चीची घडी घातली आणि झुडपामागे टाकून दिली.

वीस मिनिटांनी एक जुनाट व्हॅन आली. एसी सोडा, एका खिडकीला काचेऐवजी प्लास्टिक चिकटवलेलं. आतून सत्तरीची एक बाई उतरली. दोन्ही हातांत पाण्याचे कॅन.

"इथे माझी खुर्ची होती."

"वाऱ्याने उडाली असेल," डेलमार साळसूदपणे म्हणाला.

बाईने वर पाहिलं. जुनिपरची एक काडी हलत नव्हती.

"वाऱ्याने?"

"इथला वारा फार वाईट, मॅम."

मग तिने लोर्नाकडे पाहिलं. लोर्नाने तोंडात मिठाची गुळणी धरली.

"बरं," ट्वायला म्हणाली. "लक्षात ठेवते."

आणि ती कोरड्या तळ्याच्या दिशेने निघून गेली.

तिसऱ्या दिवशी शेरीफचा एक माणूस आला. घामाने निथळत होता.

"तळ्याच्या काठाला एक व्हॅन सापडली. बाई गेली. उन्हाने. तिकडे एक झाड नाही हो. व्हॅनच्या सावलीत बसून होती. जमिनीवर."

"जमिनीवर?" लोर्नाने विचारलं.

"तेच तर! ही गाडीत राहणारी मंडळी दात विसरतील, पण खुर्ची विसरायची नाहीत. तुम्ही पाहिलीत का एखादी?"

"नाही," डेलमार म्हणाला.

दुसरं खोटं. पहिल्यापेक्षा सोपं गेलं.

शेरीफचा माणूस गेला. धुळीचा लोट खाली बसला.

आणि वारा पडला...

मघापासून फडफडणारं गाडीचं कापडी छत गप्प झालं. माश्यांची गुणगुण थांबली. डेलमारला स्वतःच्या मनगटावरचं घड्याळ ऐकू यायला लागलं.

मग मागून आवाज आला.

कर्र...

घडीची खुर्ची उघडताना येतो तसा.

तो धावत झुडपामागे गेला. तिथे काही नव्हतं. वळून पाहतो तर त्याच्या निळ्या आणि लोर्नाच्या पिवळ्या खुर्चीच्या बरोबर मध्ये...

हिरवी.

पुठ्ठा जागेवर होता. 'लगेच येते.'

"लोर्ना, ही तू आणलीस?"

"मी आत बटाटे सोलतेय, डेल."

त्याने ती खुर्ची गावात नेऊन लाँड्रीमागच्या कचऱ्याच्या पेटीत टाकली. वर झाकण लावलं. झाकणावर एक धोंडा ठेवला. मग धोंड्याकडे पाहून त्याला स्वतःचीच लाज वाटली.

त्याच दिवशी त्यांनी मुक्काम हलवला. दोनशे मैल गेले. तिथे गाड्यांच्या तळावर चाळीस जागा होत्या. एकोणचाळीस भरलेल्या. चाळिसाव्या जागेत...

हिरवी खुर्ची.

"भरलीये वाटतं," लोर्ना म्हणाली. आवाजात काहीच नव्हतं.

पुढच्या गावी तेच. त्याच्या पुढच्या गावी तेच. एकदा डेलमारने चिडून खुर्ची जाळली. पट्ट्या वितळल्या, नळ्यांचं वेटोळं झालं. सकाळी दार उघडलं तर पायरीसमोर उभी. पट्ट्या नव्या. आधीपेक्षा घट्ट विणलेल्या.

एकदा तर अख्खं मैदान रिकामं मिळालं. डेलमारला हायसं वाटलं. त्याने गाडी आत वळवली, आणि वारा पडला...

दर पन्नास पावलांवर एक हिरवी खुर्ची.

किती होत्या, त्याने मोजलं नाही. आयुष्यभर बस चालवलेला माणूस, पण गाडी मागे घेताना एक कुंपण आणि टपालाच्या दोन पेट्या पाडून आला.

महिनाभर ते रस्त्याच्या कडेला झोपले. ट्रक जायचे, भांडी हलायची. संध्याकाळी खुर्च्या टाकायला जागाच नव्हती.

आणि लोर्ना बदलली.

आधी ती टेबलावर तीन कप ठेवायला लागली.

"तिसरा कुणाला?"

"लगेच येते म्हणालीये."

मग ती बोलायला लागली. डेलमार गाडी चालवत असायचा आणि मागून हलक्या आवाजातल्या गप्पा ऐकू यायच्या. एकच आवाज. मध्येमध्ये थांबणारा. मग लोर्नाचं हसणं. चाळीस वर्षांत डेलमारच्या एकाही विनोदावर ती इतकी हसली नव्हती. त्याला भीती वाटली हे खरं, पण थोडा रागही आला.

शेवटी तो म्हणाला, "मी तिची माफी मागतो."

"माग," लोर्ना म्हणाली. "तिला आवडेल."

ते परत जुनिपरपाशी आले. डेलमारने हिरवी खुर्ची जिथून उचलली होती तिथेच, अगदी चार पायांच्या जुन्या खुणा शोधून, ठेवली. ती शोधायला कुठे जावं लागलं नाही. ती गाडीतच होती. कधीची होती, ते लोर्नाला ठाऊक.

मग त्याने टोपी काढली आणि भर दुपारी एका खुर्चीसमोर मान खाली घालून उभा राहिला.

"चुकलो, मॅम. वारा नव्हता. मीच हलवली."

काही झालं नाही. एक सरडा मात्र थांबून बघत होता.

डेलमारला खूप हलकं वाटलं. शेजारी त्याने पिवळी खुर्ची टाकली, तिच्याशेजारी निळी. गाडीतलं पाणी संपत आलं होतं. छोटी मोटार सोडवून तो गावातून कॅन भरून आणायला निघाला. निघताना एक पुठ्ठा घेतला, 'लगेच येतो. डेलमार.' असं लिहिलं आणि निळ्या खुर्चीला बांधला.

"अरे, मी आहे ना इथे," लोर्ना म्हणाली.

"असू दे. रीत आहे."

वीस मिनिटांत तो परत आला.

मोटार बंद केली तेव्हाच त्याला जाणवलं. वारा पडला होता.

झाडाखाली दोन खुर्च्या होत्या. पिवळीत लोर्ना बसली होती, हातात कॉफी. शेजारी हिरवी. हिरवीत कुणी नव्हतं. पण तिच्या पट्ट्या खाली दबलेल्या होत्या... कुणीतरी ऐसपैस टेकून बसावं तशा.

निळी कुठेच नव्हती.

डेलमार दोन्ही हातांत कॅन घेऊन तसाच उभा राहिला.

लोर्नाने मान वर केली. वाट चुकलेल्या अनोळखी माणसाकडे बघावं तसं तिने पाहिलं. चेहऱ्यावर पाहुण्यांसाठीचं हसू.

"बोला?"

"लोर्ना... इथे माझी खुर्ची होती."

"वाऱ्याने उडाली असेल," ती म्हणाली.

जुनिपरची एक काडी हलत नव्हती.

"लोर्ना, अगं, मी डेल!"

"इथला वारा फार वाईट," ती म्हणाली आणि हिरव्या खुर्चीकडे वळून हसली.

कर्र...

हिरवी खुर्ची किंचित पुढे झुकली. काय उत्तर देतोय, ते ऐकायला.

कॅन तिथेच टाकून डेलमार मोटारीत बसला.

टिल्डन वेल्समध्ये माझं टायर दुरुस्तीचं दुकान आहे. हे सगळं त्याने मला तिथे सांगितलं, तासभर उभ्या उभ्या. बस म्हटलं तर बसला नाही. हल्ली तो त्या छोट्या मोटारीतच झोपतो. थांबायला जागा मिळत नाही म्हणतो. टायर भयंकर झिजलेत.

मी लोर्नाला बघून आलो. मजेत आहे. मला कॉफी दिली. तिसऱ्या कपातली वाफ कुणीतरी फुंकावी तशी एका बाजूला झुकत होती. डेलमारचा विषय काढला तर म्हणाली, "कोण?"

मला हसू यायला हवं होतं. मला कशाचंही हसू येतं.

पण एक गोष्ट मी डेलमारलाही सांगितलेली नाही.

बारा ऑगस्टला मी तिथेच होतो. दोनशे पावलांवर एका गिऱ्हाइकाचं टायर बदलत होतो. त्याने खुर्ची उचलून झुडपामागे टाकली, ते मी पाहिलं. जाताना ट्वायलाची व्हॅन माझ्यापाशी थांबली होती.

"पोरा, माझी खुर्ची कुठे दिसली का रे?"

ऊन मी म्हणत होतं. मला घरी जायचं होतं. उगाच कुणाच्या भांडणात कशाला पडा.

"नाही, मॅम," मी म्हणालो.

"बरं," ती म्हणाली. पुढचं मला तेव्हा नीट ऐकू आलं नव्हतं.

दुकानात माझं एक स्टूल आहे. लोखंडी. बावीस किलोचं. नऊ वर्षं एकाच जागी ठेवलेलं. रोज कुलूप लावून घरी जातो, सकाळी येऊन त्याच्यावर बसतो.

आज सकाळी कुलूप उघडलं. बाहेर गावातला एकही झेंडा हलत नव्हता.

स्टूल जागेवर नव्हतं.

वाऱ्याने उडालं असेल.